शून्य निकालांची यादी काढा

बालविभागाचे पुस्तकशोधाचे पान उघडले की वर हत्ती, फुलपाखरे आणि खाली तेच तीन रकाने: ग्रंथनाम, ग्रंथकार, विषय. मोठ्यांचाच ओपॅक, फक्त रंगवलेला. आठ वर्षांच्या मुलाला ग्रंथकार ठाऊक नसतो. ‘ते लाल पुस्तक, अस्वलाचं’ एवढेच त्याला आठवते. देवघेवीच्या टेबलावरचा मुरलेला ग्रंथपाल तेवढ्या खुणेवर पुस्तक काढून देतो; संगणक देत नाही.

मेरीलँड विद्यापीठातल्या ॲलिसन ड्रुइन आणि बेन बेडरसन यांच्या गटाने ही गोष्ट मनावर घेतली. २००२ मध्ये इंटरनेट अर्काइव्हच्या साथीने त्यांनी आंतरराष्ट्रीय बाल डिजिटल ग्रंथालय सुरू केले. त्याचा आराखडा ठरवायला सात ते अकरा वर्षांची मुले बसत. तयार मालावर मत द्यायला नव्हे, तो घडवायला. त्यातून मुखपृष्ठाचा रंग, पुस्तकाची लांबी, पात्रे खरी की काल्पनिक, अशा वाटांनी पुस्तक शोधता येऊ लागले. विभागात उपविभाग अशा उतरंडीत मुले अडखळत. मग सगळे पर्याय चित्रांसह एकाच पडद्यावर आले. ड्यूई दशांशावर वाढलेल्या आपल्याला मुखपृष्ठाचा रंग ही काही नोंदण्याजोगी बाब वाटत नाही. बालपुस्तकांपुरती तरी वाटायला हवी. तालिकीकरणाच्या वेळी पुस्तक हातात असतेच.

मराठीत आणखी एक गाठ आहे. मूल ‘कीटक’ऐवजी ‘किटक’ टाइप करते आणि पडद्यावर येते, शून्य पुस्तके. (शुद्धलेखनाचा तास शाळेत होतो, तेवढा पुरे.) शोधताना ऱ्हस्व-दीर्घ, न-ण, श-ष एकच धरणे सॉफ्टवेअरला अवघड नाही. पण तशी मागणी आपण करतो कुठे? खरेदीच्या अटींत बारकोड असतो, अहवाल असतात, मूल नसते.

मराठीत साहित्यच नाही, ही सबबही जुनी झाली. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५पासून खुल्या परवान्याच्या गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत. त्यांत मराठीही आहेत आणि उतरवून घेतल्या की इंटरनेटशिवाय वाचता येतात.

तेव्हा बालविभाग सांभाळणाऱ्या वाचकांना एक विनंती. मुलांनी टाइप केलेल्या ज्या शब्दांना एकही पुस्तक मिळाले नाही, त्यांची महिनाभराची यादी काढा. मुलांची नावे वगळा, चुका मात्र सुधारू नका, आणि ती आमच्याकडे धाडा. आलेल्या याद्या आम्ही जशाच्या तशा छापू.