बाद पाकिटांचा गठ्ठा

गुजरातमधल्या धोळका मतदारसंघाचा 2017 चा निकाल मी ओळखीच्या शिक्षकांना आवर्जून सांगते. भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा तिथं काँग्रेसच्या अश्विन राठोड यांच्यापेक्षा 327 मतांनी पुढं राहिले. त्याच मोजणीत बाद केलेली टपाली मतं होती 429. राठोड कोर्टात गेले. मे 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं ही मतं बेकायदा बाजूला सारली असं म्हणत निवडणूकच रद्द ठरवली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि चुडासमांची आमदारकी टिकली. ते राज्याचे शिक्षणमंत्रीही होते. हे मुद्दाम सांगते, कारण निवडणुकीच्या ड्युटीवरून जी टपाली मतं येतात, त्यांत आम्हा शिक्षकांचाच भरणा असतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेत मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांनी लागला, साकोलीचा 208, बेलापूरचा 377. असे आकडे आले की चर्चा ठरलेली. जिंकलेला मतदारांचे आभार मानतो, हरलेला यंत्राकडे बोट दाखवतो. टपाली मतं किती बाद झाली आणि का झाली, हे कुणी विचारत नाही.

नोकरीत असताना मी टपाली मतमोजणीच्या टेबलावर बसले आहे. बाहेरचं मोठं पाकीट फोडायचं. आत एक घोषणापत्र, नमुना 13 ए, आणि मतपत्रिकेचं बंद छोटं पाकीट. आधी घोषणापत्र बघायचं. मतदाराची सही आहे का, साक्षांकन झालंय का, मतपत्रिकेचा क्रमांक छोट्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळतो का. यातलं काही चुकलं, की छोटं पाकीट उघडायचंच नाही. शेरा मारायचा आणि बाजूला ठेवायचं. एका घोषणापत्रावरचं वळणदार अक्षर मला अजून आठवतं. नाव, पत्ता, सही, सगळं जागच्या जागी, आणि खाली साक्षांकनाची चौकट कोरी. गुरुजीच असणार. दोन्हीकडच्या एजंटांनी वाकून पाहिलं, माना डोलावल्या, पाकीट बादच्या गठ्ठ्यात गेलं. आतलं मत कुणाला होतं, हे त्या दोघांनाही कळलं नाही.

शिकलेल्या माणसांना साधा फॉर्म भरता येत नाही, असं म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा आमच्या ट्रेनिंगला येऊन बसावं. कंट्रोल युनिट, बॅलट युनिट, व्हीव्हीपॅट कसं जोडायचं, मॉक पोलनंतर क्लिअर करायला विसरू नका, मतांच्या हिशेबाचा नमुना 17 सी बिनचूक भरा, हे दहा वेळा सांगतात, आणि ते सांगायलाच हवं. पोस्टलचा विषय निघतो तेव्हा लोकांचं लक्ष एसटीकडे लागलेलं असतं. त्यात विधानसभेला ड्युटी बहुधा आपल्या मतदारसंघाबाहेर लागते. म्हणजे ईडीसी, म्हणजेच निवडणूक ड्युटीचं प्रमाणपत्र, दाखवून ड्युटीच्याच केंद्रावर मत देण्याचा मार्ग बंद. उरतं फक्त टपाली.

2023 मध्ये नियम बदलला आणि ड्युटीवरच्यांनी सुविधा केंद्रातच मत द्यायचं असं ठरलं. बरंच झालं. पूर्वी मतपत्रिका घरी असायची आणि ‘मॅडम, द्या की, आम्हीच पोचवतो’ म्हणणारे दारात यायचे. पण मतदार, साक्षांकन करणारा अधिकारी आणि पेटी एकाच खोलीत असताना कोऱ्या चौकटीचं घोषणापत्र पेटीत जातंच कसं? तिथं होणारी चूक मी मतदाराची मानायला तयार नाही.

विजयाचं अंतर बाद टपाली मतांहून कमी असेल तर निकालाआधी ती सगळी पुन्हा तपासायची, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. बिहारमध्ये हिलसाला 2020 मध्ये 12 मतांनी निकाल लागला, तिथं बाद टपाली मतं 182 होती आणि ती पुन्हा तपासली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये आयोगानं आणखी एक गोष्ट परत आणली. टपाली मतांची मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. दोन्ही तरतुदी चांगल्याच. पण फेरतपासणीत टेबलावरच्या माणसाची चूक सापडेल. नसलेली सही तिथं कुठून येणार?

म्हणून बंदोबस्त पेटीपाशीच हवा. पाकीट चिकटवण्याआधी घोषणापत्र एकदा वाचून ‘सर, इथं सही राहिली’ म्हणणारा एक माणूस प्रत्येक सुविधा केंद्रात बसवा. आणि निकालाबरोबर बाद मतांचा नुसता आकडा नको, कारणंही जाहीर करा: इतकी साक्षांकनाअभावी, इतकी क्रमांक न जुळल्यानं. म्हणजे पुढच्या ट्रेनिंगला काय शिकवायचं ते तरी कळेल. माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न प्रशासनाला पडू नये. शिक्षकांची यादी त्यांच्याकडे तयारच असते.