दत्तक घेतले म्हणून मदत तोडू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे

विषय : प्रतिपालकत्वातील दिव्यांग मुलांच्या दत्तकविधानाबाबत सणसर परिसरातील पालक संघटनेच्या मागण्या

महोदय,

तुकोबांच्या पालखीचा मुक्काम सणसरला असतो. परक्याला ओसरी मोकळी करून देणे या गावाला शिकवावे लागत नाही. तरीही सांभाळायला आणलेले दिव्यांग मूल कायमचे दत्तक घ्यायची वेळ आली की घरात हिशेब सुरू होतो, आणि तो हिशेब नियमांनीच उलटा करून ठेवला आहे.

मिशन वात्सल्यमधून प्रतिपालकत्वातील मुलासाठी महिना ४,००० रुपये मिळतात. पूर्वी पाच वर्षे सांभाळल्यावर दत्तक घेता येई; २०२४च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी ती अट दोन वर्षांवर आणली. बदल चांगलाच. पण दत्तक आदेश निघाला की प्रतिपालकत्व संपते आणि त्याबरोबर पैसेही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची फिजिओथेरपी आणि फिटची औषधे काही त्या तारखेला संपत नाहीत. पाय वाढतो तसा कॅलिपर नवा लागतो. चार एकरांवर घर चालवणाऱ्याला मग मूल कागदावर सरकारचेच राहिलेले परवडते. हे मायेचे अपयश नव्हे, योजनेचे आहे.

म्हणून मुख्य मागणी एकच : दिव्यांग मूल दत्तक गेल्यावरही ही रक्कम अठराव्या वर्षापर्यंत चालू ठेवावी. हा निर्णय वरचा असेल, तर जिल्ह्याने तशी लेखी शिफारस शासनाकडे पाठवावी. मूल संस्थेत राहिले असते तरी खर्च शासनालाच होता.

बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे फिजिओथेरपी आणि वाचा-उपचारासाठी आठवड्यातला एक वार सणसर-भवानीनगर भागातल्या मुलांना नेमून द्यावा. पुण्याच्या एका खेपेत दिवसाची मजुरी बुडते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला एक लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. पात्र मुलाची ही नोंदणी आणि दिव्यांग प्रमाणपत्र संस्थेतून निघतानाच हाती द्यावे.

१ सप्टेंबर २०२२पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी आपणच देता. बाल न्याय कायद्यातली दोन महिन्यांची मुदत पाळावी. मूल आपले व्हायला कागद लागत नाही, रेशनकार्डाला लागतो.

आणि धनादेश वाटपाचा जाहीर कार्यक्रम नको. मुलांची ओळख उघड करायला याच कायद्याच्या कलम ७४ने मनाई आहे. पैसे खात्यात जमा करावेत आणि या मागण्यांचे उत्तर आम्हाला लेखी द्यावे, ही विनंती.