काका_०००१

आधीच सांगून टाकते, माझा राग पुतण्यावर नाही. तोही हे वाचणार आहे. (वाच रे, आणि तुझ्या आईलाही वाचून दाखव.) मुलगा गुणी आहे, हाक मारली की धावून येतो. राग आहे तो त्याच्या एका वाक्यावर. "काकू, एका कमांडीत सगळं साफ करून टाकलं!"

सगळं साफ. अगदी खरं बोलला.

तर झालं असं. ह्यांनी निवृत्तीनंतर घरातले जुने फोटो स्कॅन करायला घेतले होते. आल्बम, पाकिटं, ट्रंकेच्या तळाशी चिकटून बसलेले, सगळे मिळून १३८६. प्रत्येक फाइलला नाव दिलेलं. आधी साल, मग महिना, मग गाव, मग माणसं. '१९७८-०१-वासोटा-बामणोलीची होडी-०२' अशा थाटाचं. "साल आधी कशाला? आणि जानेवारीला शून्य कशाला?" असं मी विचारलं होतं. म्हणाले, "संगणक शब्दकोशासारखं लावतो. नुसता २ लिहिलास तर १० त्याच्या आधी येऊन बसेल. शून्य लाव, मग बघ कशी रांग धरतात." वर्गातली मुलं कधी धरायची नाहीत अशी रांग धरली होती त्या फाइलींनी.

२०२१ साली हे गेले. पुढे ते मशीनही थकलं. पुतण्याने नवं आणून दिलं, त्यात उबंटू घातलं, फोटो उतरवून घेतले, आणि लांबलचक नावं बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, काळ्या खिडकीत दोन ओळी टंकून सगळ्या फाइलींना एका माळेत ओवलं. काका_०००१ ते काका_१३८६. जुनं मशीन तोवर भंगारवाल्याकडे गेलेलं.

"पण फोटो तर सगळे आहेत ना काकू?"

आहेत. काका_०००१ मध्ये एक पडकी भिंत आहे आणि पुढे चेपलेला पितळी हंडा. बस्स. कुठली भिंत? कोणाचा हंडा? डिजिटल कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख आपोआप लिहिली जाते, हे मला ठाऊक आहे. पण जुना कागदी फोटो स्कॅन केला तर आत फार तर स्कॅन केल्याची तारीख मिळते, काढल्याची नाही. ती फक्त नावात होती. नाव म्हणजे फाइलवरची चिठ्ठी नव्हे मंडळी, निम्मा फोटो नावातच होता.

दुसरा युक्तिवाद मुलाने फोनवर केला. "आई, आता नावं देत बसायची गरजच नाही, चेहरे शोधून मिळतात." अरे बाबा, सारख्या चेहऱ्यांचा गठ्ठा यंत्र करील, पण तो चेहरा तुझ्या आजीच्या चुलतबहिणीचा हे त्याला कोण सांगणार? सांगणारे गेले. त्यांनी सांगून ठेवलेलं तुम्ही पुसलंत.

आता कोणी म्हणेल, बाईंचा कमांडीवरच राग दिसतो. मुळीच नाही. उलट चिडून मी ती शिकले. तीन महिने लागले, लागेनात का. पर्ल ही संगणकभाषा करणारा लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला होता, हे कळल्यावर धीर आला. त्याची 'रिनेम' नावाची एक कमांड आहे. तिला एवढंच सांगायचं, अमक्या अक्षरांच्या जागी तमकी घाल. हे तर आम्ही जन्मभर शिकवलं! 'इति' आणि 'आदि' जोडताना 'इ'च्या जागी 'य' येतो, त्याला व्याकरणात आदेशच म्हणतात. कमांडलाही मराठीत आदेशच म्हणतात. म्हातारीने त्या खिडकीत हात घालू नये म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा, तिथे व्याकरण जास्त लागतं की वेगाने चालणारी बोटं.

त्याच रिनेमला 'वजा एन' जोडलं, की ती काहीच बदलत नाही, नुसतं दाखवते की हे नाव जाऊन हे येईल. तालीम. नाटकाची तालीम करतो, गॅदरिंगची करतो, आणि दीड हजार फाइलींची नको? फाइल हलवायची 'एमव्ही' कमांड तर त्याहून अबोल. त्या नावाची फाइल आधीच असली तरी सहसा विचारत नाही, नवी जुनीच्या डोक्यावर बसते आणि जुनी गेली. मी सरावाच्या प्रतीत शेवटचे आकडे उडवून बघितले, तर होडीचे दोन फोटो एकाच नावाचे झाले आणि एक गडप. तिथेही 'वजा एन' घातलं तर ती थांबते. म्हणजे सोय होती. वापरायची तसदी नव्हती.

आणि सगळ्यात साधी गोष्ट. बदलण्याआधी जुन्या नावांची यादी एका फाइलीत उतरवून ठेवायची. एक ओळ, अर्धा मिनिट. शाळेत जनरल रजिस्टरमधलं नाव बदलायचं तर अर्ज, पुरावा, लाल शाई, जुनं नाव वाचता येईल अशी एकच रेघ. खाडाखोड चालत नसे. आमच्या हेडमास्तरांना आम्ही हसायचो.

असो. वाचले ते ह्यांच्या वहीमुळे. स्कॅन केलेलं नाव ते वहीत लिहीत. हात थरथरायला लागला तसं वहीतलं लिखाण थांबलं, ६४० नावांवर, १९८४ च्या दिवाळीपर्यंत. मी ती नावं टंकली, सालवार लावली. पुतण्याच्या कमांडीनेही फाइली जुन्या नावांच्या अनुक्रमानेच घेतल्या होत्या, त्यामुळे यादी आणि आकडे शेजारी ठेवले की जुळायला हवे. जुळले, पण २१२ वर नाव पाचगणीचं आणि फोटो नणंदेच्या लग्नाचा! वहीत एक फोटो राहून गेला होता. असं तीन ठिकाणी झालं. मधेच कऱ्हाडच्या निम्म्या फाइली कमांडीला सापडेचनात. शेवटी कळलं, तो अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना एकच दिसतो आणि यंत्राला दोन. फोनवर टंकलेली नावं एका तऱ्हेची, संगणकावरची दुसऱ्या.

ट्रंकेतल्या फोटोंची नावं वहीत शेवटी लिहिलेली होती. सालवार लावल्यावर त्यांतलं एक सगळ्यांच्या वर आलं. '१९६७-१२-कोयनानगर-भूकंपानंतर-०१'. काका_०००१. मित्राचा कॅमेरा मागून हे तिकडे गेले होते, आमच्या लग्नाच्या आधी. मला कधी बोलले नव्हते.

०६४४ पासून पुढे नावं नाहीत. क्रम तेवढा शिल्लक आहे. आठवून आठवून दोनशेच्या आसपास लिहिली. नातेवाईक मंडळींनो, ०६४४ मध्ये रेल्वेचा फलाट आहे, मी उभी आहे, कडेवर साधारण वर्षाचं मूल, आमचं नाही. आमची तोवर शाळेत जाणारी. साल १९८४ ची दिवाळी किंवा त्यानंतर लगेच. मुलाच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी आहे. कोणाचं असेल?