शरीराची राखण आणि चुकलेला दुसरा डोस

"डॉक्टरसाहेब, पोराला एक ताकदीची सुई मारा. सारखा आजारी पडतो." हे वाक्य कानावर आले नाही असा दवाखान्यातला एकही आठवडा जात नाही. सुई मारली नाही, तर डॉक्टरला काही येत नाही असे ठरते. सलाईन लावले की सगळे घर समाधानी! वास्तविक त्या बाटलीत असते मीठ-पाणी किंवा साखर-पाणी. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल तर ते जीव वाचवते, पण रोगाशी लढण्याची ताकद त्यात नाही. ती ताकद प्रत्येकाने जन्मताच बरोबर आणलेली असते. तिला खायला घालणे आणि शिकवणे एवढेच आपले काम. नेमके तेच आपण विसरतो.

काटा मोडतो तेव्हा

आपल्या जत भागात पायात बाभळीचा काटा मोडला नाही असा माणूस विरळा. कातडी म्हणजे शरीराचे कुंपण. काट्याने कुंपणाला भगदाड पडते आणि जंतू आत शिरतात. काही तासांतच ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. आपण म्हणतो, पाय बिघडला. खरे म्हणजे तेथे राखणदार पोहोचलेले असतात. रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंना गिळू लागतात. या पेशींतला सर्वांत मोठा गट हाडांच्या मगजात रोज सुमारे दहा हजार कोटी इतका तयार होतो. जखमेतला पू म्हणजे लढून कामी आलेल्या याच पेशी.

एक-दोन दिवसांत जांघेत अवधाण येते. ते का येते? जंतूंचे नमुने तेथल्या गाठीत नेले जातात आणि 'याला ओळखणारा कोण?' याचा शोध सुरू होतो. ओळख पटलेली पेशी झपाट्याने वाढते, म्हणून गाठ फुगते. याच पेशींपासून पुढे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. तापही याच लढाईचा भाग आहे. अंग तापले की अनेक जंतूंची वाढ मंदावते. म्हणून कणकण आली की लगेच अँटिबायोटिकची गोळी मागू नये. सर्दी, गोवर यांसारख्या विषाणूंवर ती चालतच नाही. मात्र तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, किंवा मूल झटके देऊ लागले, गुंगीत गेले, त्याला धाप लागली, ते अंगावर पिईनासे झाले, तर क्षणभरही घरी थांबू नये.

शरीराची आठवण

नव्या शत्रूची ओळख पटून पुरेशी प्रतिद्रव्ये तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. नाजूक लेकरू कधी कधी तेवढ्यात दगावते. पण एकदा ओळख पटली की काही पेशी ती आठवण जपून ठेवतात. तोच जंतू पुन्हा आला, तर दोन-तीन दिवसांतच फौज उभी राहते. 'गोवर एकदा आला की पुन्हा येत नाही' असे आपल्या आज्या म्हणत, ते खरेच आहे. 1846 साली युरोपातील फॅरो बेटांवर गोवराची मोठी साथ आली. पानुम नावाच्या डॉक्टरने तेथे पाहिले, की 1781 च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांना 65 वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही. शरीराची आठवण एवढी पक्की असते.

लस म्हणजे आजार न भोगता दिलेली ही ओळख. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असतो. 1975 नंतर आपल्या देशात देवीची साथ आली नाही, ती या वणाची पुण्याई.

गोवराचे एक अंग मात्र आजीला ठाऊक नव्हते. हा रोग शरीराची आठवणच पुसतो. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवराच्या आधी व नंतर तपासले गेले. इतर रोगांविरुद्ध साठवलेल्या प्रतिद्रव्यांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झाल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे पुरळ मावळले, पण राखणदाराची वही कोरी झाली. मग न्यूमोनिया, जुलाब, कानाचा पू मागे लागतो आणि आई म्हणते, "गोवर निघाल्यापासून पोर सावरलेच नाही." तिचे म्हणणे खरे असते. लस घेतल्याने मात्र अशी वही कोरी होत नाही.

बैलाला लस, लेकराला?

2022 साली मुंबईतील गोवंडी, तसेच मालेगाव, भिवंडी येथे गोवराची साथ आली, तेव्हा मुले दगावली. त्याच वर्षी जनावरांत लंपी आला. शेळ्यांच्या देवीचा विषाणू लंपीच्या विषाणूचा भाऊबंद, म्हणून ती लस गाई-बैलांना टोचली गेली, आणि शेतकऱ्यांनी आग्रहाने टोचून घेतली. माडग्याळी मेंढ्या राखणारा आपला मेंढपाळही पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकू देत नाही. लसीचे मोल आपल्याला कळत नाही असे कोण म्हणेल?

मग लेकराचा डोस का चुकतो? गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो. पहिला गावात होतो. दुसऱ्याची वेळ येते तेव्हा आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात. लेकरू फडावर, खोपीत. कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत. आशाताई दारात येतात तर घराला कुलूप. पाडव्याच्या सुमारास टोळी परतते, तोवर सगळेच विसरलेले असते. ही मुले ज्या खोप्यांत दाटीवाटीने राहतात, तेथे गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. शंभरातील 95 मुलांना लस मिळाली तरच साथ थोपते.

यात केवळ आई-बापांना दोष देणे मला पटत नाही. टोळीत किती कोयते आहेत याची नोंद मुकादमाच्या वहीत चोख असते. किती लेकरे आहेत आणि त्यांचा कोणता डोस राहिला, याची नोंद कोणाकडे आहे? टोळी गावातून निघताना आरोग्य केंद्राने ही यादी करावी. जेथे टोळी उतरते, तेथील केंद्राकडे आणि कारखान्याकडे ती जावी. मुलांची नावे लिहायला एक पान आणि एक सही पुरे.

एवढे करा

लसीकरणाचे कार्ड उचलीच्या कागदाबरोबर सोबत न्या. ही लस कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. कर्नाटकातल्या फडावर असलात तरी. वेळ टळली असेल तर 5 वर्षांपर्यंत देता येते. तेव्हाच 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मागून घ्या. त्याच्या कमतरतेने गोवर जिवावर बेततो. शेवग्याचा पाला, मेथी, पपई, अंडे लेकराच्या ताटात असू द्या. गोवर निघाला तर उशाशी लिंबाचा पाला खुशाल ठेवा, पण खाणे-पिणे तोडू नका, आणि मुलाला दवाखान्यात दाखवा.

ताकदीची सुई मागणाऱ्या आई-बापांना माझे सांगणे एवढेच, की ती सुई खरोखर आहे. ती तुमच्या आरोग्य केंद्रात आहे, फुकट आहे, आणि बहुधा तुमच्या लेकराची दुसरी सुई अजून राहिली आहे. आज संध्याकाळी पेटी उघडून कार्ड तेवढे पाहा.