पुलावर तारीख लिहा

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं पुरात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती, धोका आढळला नव्हता, असं सरकारनेच सांगितलं. मग नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये उद्घाटन झालं, विक्रम म्हणून कौतुकही झालं.

मला हे कौतुक टोचतं. १६५ दिवसांत पूल बांधणाऱ्यांनी निदान पैसा नाही, माणसं नाहीत, असं म्हणू नये.

जुना पूल एका रात्रीत मरत नाही. दगडांच्या सांध्यात पिंपळ उगवतो, मुळं चुना फोडत आत शिरतात. पाणी निघायची भोकं गाळाने बुजतात. पूर आला की पाणी खांबाच्या पायाखालची माती खरवडून नेतं. झाड आणि गाळ यांना एक मजूर आणि एक कोयता पुरतो. पायासाठी मात्र पाण्यात उतरावं लागतं. जीपमधून नजर टाकून तो दिसत नाही.

‘इंग्रजांची कामं पक्की होती हो!’ चहाच्या टपरीवर हे हमखास ऐकू येतं. अर्धं खरं आहे. पण तेव्हा बांधकाम खात्याचे मैलकुलीही होते. आपल्या वाट्याच्या रस्त्याची गटारं मोकळी करायची, झुडपं तोडायची, खड्डा लहान असतानाच बुजवायचा, हे त्यांचं रोजचं काम. आज तो माणूस शोधून दाखवा. त्याच्या जागी ठेकेदार आला. तो निविदा निघाल्यावर येतो आणि निविदा खड्डा पडल्यावर निघते.

बरं, तपासणी तरी? मार्च २०१९ मध्ये मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल पडला. त्याचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं, किरकोळ दुरुस्ती पुरे असा शेरा होता. जून २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला, चार जण गेले. तिथे धोक्याची पाटी होती. पाटी लावली की आपली जबाबदारी संपली! वर दोष पर्यटकांना.

आम्ही उर्दूत दुरुस्तीला ‘मरम्मत’ म्हणतो. कुणाला बदडून काढण्यालाही तोच शब्द. आपल्याकडे दुर्घटनेनंतर एखाद्या कनिष्ठ अभियंत्याची दुसऱ्या अर्थाने मरम्मत होते, पुलाची पहिल्या अर्थाने होतच नाही.

रेल्वेच्या डब्यावर तो कारखान्यात कधी दुरुस्त झाला आणि पुन्हा कधी न्यायचा, याची तारीख रंगवलेली असते. पुलावर का नको? शेवटची तपासणी कधी, पाया पाहिला की नाही, सही कुणाची, पुढची तपासणी कधी. चार ओळी, मराठीत, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येतील अशा. उद्घाटनाची संगमरवरी पाटी, मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांच्या नावांसकट, तिथे आधीच आहे. तिच्या शेजारी जागा भरपूर असते. रंगाचा डबा फारसा महाग नाही.