आहे की नाही, हे विचारायचं कुणाला?

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या कादंबरीची अकरा प्रकरणं गेली. चोरीला नाही, वाळवीनंही खाल्ली नाहीत. रोज रात्री त्यांची नक्कल होत होती आणि तरीही गेली.

माझ्या भाच्यानं घरच्या संगणकावर लिनक्स बसवून दिलं होतं आणि रोज रात्री अकरा वाजता दिवसभराचं लिखाण बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेण्याची व्यवस्थाही लावून दिली होती. मी निर्धास्त. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला रोजची नक्कल होते आहे एवढं कळलं की शांत झोप लागते. एके सकाळी आतली डिस्क बंद पडली. बाहेरची उघडून पाहिली, तर तिच्यावरची शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची. कधीतरी झाडलोट करताना तिची वायर निसटली होती. अकराची नक्कल मात्र इमानानं चालू होती. ती उतरत होती त्याच आतल्या डिस्कवर, ‘बॅकअप’ नावाच्या रिकाम्या फोल्डरात.

“मामा, डिस्क माउंट झालीय का, हे आधी विचारायला हवं होतं,” भाचा खाली मान घालून म्हणाला. “ती एक ओळ मी लिहिलीच नाही.”

माउंट म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. विंडोजमध्ये डिस्कांना सी, डी, ई अशी अक्षरं मिळतात. युनिक्सच्या घराण्यात, म्हणजे केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सुरू केलेल्या परंपरेत, सगळ्या डिस्कांचं मिळून एकच झाड असतं. नवी डिस्क आली की तिचं या झाडाच्या एखाद्या फोल्डरावर कलम बांधायचं. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूस बांधतात, तसं. पण कोकणातल्या माणसाला ठाऊक आहे, कलम मेलं तरी खुंट फुटतो. हिरवी पालवी दिसते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, हापूस जगला. माझा ‘बॅकअप’ फोल्डर हा असा खुंट होता.

तेव्हा प्रश्न साधा आहे: या घटकेला कुठे काय जोडलेलं आहे? आणि तो विचारायचा कुणाला? दोन वर्षं भाच्याला छळून मी जे समजून घेतलं, त्यात मला आमच्या बँकेचीच गोष्ट दिसली.

पूर्वी जोडणी करणारा प्रोग्राम काम झालं की एमटॅब नावाच्या फाइलीत एक ओळ लिहून ठेवी. विचारणाऱ्यानं ती वाचायची. म्हणजे तिजोरी न उघडता, वहीवरून रोकड सांगायची! मधेच वीज गेली किंवा फाइलीत लिहिता आलं नाही, की वही एक सांगणार आणि तिजोरी दुसरं. मग लिनक्सनं ‘प्रॉक माउंट्स’ आणलं. ती खरी फाइल नव्हेच. वाचायला घेतली की प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्या क्षणाची खरी स्थिती सांगतो. वही गेली, प्रत्यक्ष मोजणी आली. बँकवाल्याला आनंद व्हावा अशीच ही सुधारणा.

पण २००२ मध्ये एकाच यंत्रातल्या वेगवेगळ्या प्रोग्रामांना वेगवेगळी झाडं दाखवण्याची सोय झाली. आता ‘काय जोडलंय’ याच्याबरोबर ‘कुणाच्या नजरेनं’ हेही आलं. २००८ मध्ये ‘माउंटइन्फो’ आलं. त्यात प्रत्येक जोडणीला क्रमांक मिळाला आणि ती कुठल्या जोडणीवर बसली आहे, हेही कळू लागलं. सगळा मजकूर साध्या अक्षरांत, तुम्ही-आम्ही वाचावा असा. (नावात मोकळी जागा असेल तर तिथे उलटी तिरकी रेघ आणि ०४० असं छापलेलं दिसतं, तेवढं सोडून.)

खोट होती ती क्रमांकात. जोडणी सुटली की तिचा क्रमांक पुढे दुसऱ्याच जोडणीला मिळू शके. हे वाचलं आणि मला एका खेड्यातली आमची शाखा आठवली. तिथे बंद खात्याचा क्रमांक नव्या खातेदाराला दिला गेला होता. जुन्या खातेदाराच्या विम्याच्या हप्त्याची स्थायी सूचना मात्र यादीत तशीच राहिली. तीन महिने एका प्राथमिक शिक्षकाच्या पगारातून परक्या माणसाचा हप्ता जात राहिला. कुणी लबाडी केली नव्हती. यादी बरोबर, लेजर बरोबर, फक्त मधे माणूस बदलला होता. त्या शिक्षकापुढे उभं राहायची पाळी माझ्यावर आली होती.

दुसरी अडचण खबर मिळण्याची. काहीतरी बदललं, एवढंच कर्नेल कळवी. काय बदललं ते शोधायला सगळी यादी पुन्हा वाचायची. मोठ्या सर्व्हरवर हजारो जोडण्या असतात. एका व्हाउचरपायी अख्खं लेजर पहिल्या पानापासून चाळणारा कारकून डोळ्यांपुढे आणा.

डेव्हिड हॉवेल्स यांनी या चौकशीसाठी ‘एफएसइन्फो’ नावाची योजना मांडली होती. ती कर्नेलमध्ये गेली नाही. अखेर मार्च २०२४ च्या ६.८ आवृत्तीत मिक्लोश सेरेदी यांचे ‘लिस्टमाउंट’ आणि ‘स्टॅटमाउंट’ हे दोन कॉल आले. एक फक्त क्रमांकांची यादी देतो, दुसरा एका जोडणीबद्दल आपण मागू तेवढीच माहिती. आणि क्रमांक आता चौसष्ट बिटांचा, एकदा दिला की पुन्हा कुणाला न देण्याचा. २०२५ मध्ये ६.१५ आवृत्तीत कुठली जोडणी आली, कुठली गेली, हे नेमकं कळवण्याचीही सोय झाली.

२००८ ते २०२४, सोळा वर्षं. जोडण्याचं काम पहिल्या दिवसापासून चोख होतं, विचारण्याचं रखडलं. माझ्या मते हा तंत्राचा दोष नव्हे, प्रतिष्ठेचा आहे. आमच्या शाखेत चौकशीच्या टेबलावर कुणाला बसवत? ज्याला दुसरं काम देववत नाही त्याला. पैसे देणारा रोखपाल मोठा, कर्ज मंजूर करणारा त्याहून मोठा आणि ‘माझं खातं कुठे आहे हो?’ याचं उत्तर देणारा सगळ्यांत खाली. ग्राहकाचा बँकेवरचा विश्वास मात्र त्याच टेबलावर ठरे.

एक कुरकुर माझीही आहे. नवे कॉल प्रोग्रामांसाठी आहेत. माझ्यासारख्याला ते उघडून वाचता येत नाहीत. जुनी वाचनीय यादी अजून शिल्लक आहे, ती तशीच राहावी. संगणक आला म्हणून आम्ही पासबुक छापायचं थांबवलं नव्हतं.

या नव्या कॉलांनी माझी प्रकरणं वाचली असती, असंही नाही. त्याला ‘माउंटपॉइंट’ ही जुनी, साधी आज्ञा पुरेशी होती. ती ओळ भाच्यानं आता घातली आहे. रात्री अकराला व्यवस्था आधी विचारते आणि डिस्क नसली तर थांबून पडद्यावर निरोप ठेवते. गेल्या महिन्यात दोनदा थांबली. दोन्ही वेळा वायरच. अकरापैकी सात प्रकरणं पुन्हा लिहून झाली आहेत. आठव्यातल्या म्हातारीचं बोलणं अजून परत आलेलं नाही.