कचरा गेला, पाण्याचं काय? भोपाळच्या लोकांनी उभं केलेलं म्युझियम

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला आणि जूनअखेर तिथे जाळण्यात आला. चाळीस वर्षांचं ओझं उतरलं, असं सांगितलं गेलं. पण कारखान्यालगतच्या वस्त्यांना ते पटलेलं नाही, आणि त्याला कारण आहे. ३३७ टन हा फक्त गोळा करून ठेवलेला कचरा होता. कारखाना चालू असताना आवारात पुरलेला आणि बाहेरच्या तळ्यांत सोडलेला कचरा वेगळाच. त्याचं विष मातीतून भूजलात उतरलं.

म्हणजे भोपाळमध्ये दोन दुर्घटना झाल्या. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीची वायुगळती जगाला माहीत आहे. दुसरी हँडपंपाच्या पाण्यातून गुपचूप घरात शिरली. या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या, असा आदेश २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाला द्यावा लागला.

या दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारी जागा म्हणजे ‘रिमेंबर भोपाळ म्युझियम’. दुर्घटनेला ३० वर्षं झाली तेव्हा, २०१४ मध्ये ते सुरू झालं. सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा घ्यायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. इथल्या वस्तू पीडित कुटुंबांनी दिल्या आहेत: गेलेल्या माणसांचे फोटो, लेकरांचे कपडे, आंदोलनातली पोस्टर्स. भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर कानाला लावला की, ज्यांनी भोगलं त्यांच्याच तोंडून हकीकत ऐकू येते.

एरवी म्युझियममध्ये तज्ज्ञ बोलतात आणि लोक बघतात. इथे लोकच साक्षीदार आहेत. भोपाळचा लढा चालवलाही त्यांनीच, त्यातही बायकांनी. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी साध्या कामगार. पर्यावरणासाठीचा जगातला मोठा ‘गोल्डमन पुरस्कार’ त्यांना २००४ मध्ये मिळाला. विषारी हवेने मोहल्ला आणि धर्म पाहिला नव्हता, त्यामुळे लढाही एकत्रच झाला.

म्युझियममुळे पाणी शुद्ध होत नाही, हे खरं. ते काम सरकारचं आणि जबाबदार कंपनीचं. पण फाइल बंद करायची घाई असते तेव्हा ‘अजून संपलेलं नाही’ हे पुराव्यासह सांगणारं कुणीतरी लागतं. अशी साक्ष नोंदवलेली नसेल, तर पिढी बदलली की प्रश्नही विसरला जातो.

आपल्याकडे गोवंडी-शिवाजीनगरच्या शेजारी देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून आहे. २०१६ च्या आगीचा धूर तिथल्या घराघरांत शिरला होता. त्या दिवसांचे फोटो, दवाखान्याचे कागद, पालिकेला दिलेले अर्ज आज किती घरांत जपून ठेवलेत? मोठी इमारत नंतरही होईल. शाळेतली किंवा मोहल्ला लायब्ररीतली एक खोली सुरुवातीला पुरे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायला खर्च येत नाही. मात्र ती माणसं आपल्यात आहेत तोवरच हे करता येईल.